वडिलांच्या नाटकांच्या आणि लग्नांच्या जुन्या डिस्क टीव्हीवर आणायच्या असतील तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरच्या लोखंडी कपाटात शंभर-सव्वाशे डिस्क आहेत. त्यात बहिणींची लग्नं, वडिलांनी काम केलेल्या नाटकांचं मंडईतलं (म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतलं) शुटिंग, गावच्या दंडारीच्या (आपल्याकडच्या लोकनाट्याच्या) काही डिस्क, मुलांचं शाळेतलं स्नेहसंमेलन आणि बाकी बाजारातून घेतलेले सिनेमे. प्लेअर बिघडला, नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही, आणि आईला हे सगळं टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बघायचंय. तुम्ही विचारलंत की सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं आणि हार्डडिस्क किती जीबीची.

तेवढंच हवं असेल तर डिस्कवरचा व्हिडिओ टीव्हीवर चालेल अशा फाइलीत बदलणारं हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि १ टीबीची हार्डडिस्क, झालं. पण एवढ्यावर कामाला लागलात तर कपाटातली वरची डिस्क आधी घ्याल, ती बहुधा सिनेमाची निघेल, आणि वडिलांच्या नाटकाची डिस्क खालच्या कप्प्यात पडून राहील. सॉफ्टवेअरचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. आधी ठरवायचं ते हे की कोणत्या डिस्कला आधी हात लावायचा आणि तिच्यातून नेमकं काय काढून ठेवायचं. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरीकडे माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नं आणि नाटकं शूट करत आलो, आणि आता जुन्या कॅसेटी-डिस्क कन्व्हर्ट करायचं काम माझ्याकडे बाराही महिने असतं. त्या अनुभवावरून सांगतो.

विकत घेतलेली डिस्क आणि स्टुडिओवाल्याने राइट करून दिलेली डिस्क वरून सारख्याच दिसल्या तरी आतून वेगळ्या असतात. सिनेमाच्या डिस्कवरची माहिती कारखान्यात साच्याने उठवलेली असते आणि त्यावर अॅल्युमिनियमचा थर असतो. आपल्या लग्नाच्या डिस्कमध्ये रंगाचा एक सेंद्रिय थर असतो आणि लेझरने त्यावर खुणा उमटवलेल्या असतात. हा रंग ऊन, उष्णता आणि दमट हवेने हळूहळू उतरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वर टिनाचं छत, आणि त्याखाली लोखंडी कपाट. त्यानंतर लगेच चार महिने पावसाळा. पंधरा-वीस वर्षं हे सोसलेली राइट केलेली डिस्क आज चालते म्हणून पुढच्या उन्हाळ्यानंतरही चालेल असं धरून चालू नका. सिनेमाची डिस्क गेली तर तो सिनेमा दुसरीकडे कुठेतरी मिळेल. तुमच्या वडिलांनी त्या रात्री केलेलं काम जगात फक्त त्या एका डिस्कवर आहे.

म्हणून पहिल्या दिवशी कॉम्प्युटर उघडूच नका. सतरंजी अंथरा, सगळ्या डिस्क काढा आणि प्रत्येकीची खालची बाजू उजेडात तिरपी धरून बघा. स्वच्छ चंदेरी दिसली तर ती कारखान्यातली. जांभळट झाक असेल तर राइट केलेली डीव्हीडी. हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक असेल तर ती बहुधा राइट केलेली सीडी, म्हणजे व्हीसीडी (सीडीवर लिहिलेला व्हिडिओ). ढीग असे करा: नाटक आणि दंडार पहिला, लग्नं दुसरा, शाळेचे कार्यक्रम तिसरा, सिनेमे शेवटी. नाटक लग्नाच्याही आधी ठेवतोय त्याला कारण आहे. लग्नाच्या डिस्कच्या दोन-तीन प्रती निघालेल्या असतात, एक माहेरी, एक सासरी, एखादी मामाकडे. आपल्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, गावच्या नाटकाची बहुतेक वेळा एकच प्रत असते, तीही कुणीतरी हौसेने काढलेली.

त्याच वेळी एक फोनही करा. ज्यांनी तेव्हा शूट केलं होतं ते स्टुडिओवाले अजून धंद्यात असतील तर विचारा की मूळ कॅसेट आहे का. २००० नंतरची बरीच वर्षं आम्ही मिनीडीव्ही कॅसेटवर शूट करत होतो. त्या कॅसेटवर सेकंदाला २५ मेगाबिट व्हिडिओ असतो (हा आकडा जितका मोठा तितका चित्रात तपशील जास्त). तुमच्या डीव्हीडीवर जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट मावतो आणि प्रत्यक्षात त्याहून बराच कमी असतो. पुष्कळांनी कॅसेटी पुसून पुन्हा वापरल्या, पण काहींकडे पोतं भरून पडलेल्या आहेत. मूळ कॅसेट मिळाली तर डिस्कपेक्षा ती कितीतरी चांगली.

आता डिस्क वाचण्याचं. लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर लागेल. तो दीड ते तीन हजारांत येतो. एकच घ्या, पण ओळखीत कुणाच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये रायटर असेल तर तोही हाताशी ठेवा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह निमूट वाचतो, हे मी नेहमी बघतो. कामासाठी लॅपटॉपच बरा, कारण आपल्याकडे लाईन कधी जाईल सांगता येत नाही आणि वाचन अर्ध्यावर तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. ड्राइव्ह गरम झाला की चुका वाढतात. भर उन्हाळ्यातल्या दुपारी हे काम काढू नका, दिवाळी ते संक्रांत हा उत्तम काळ.

डिस्क आधी पुसून घ्या. धूळ असेल तर फुंकून किंवा मऊ ब्रशने उडवा, मग मऊ धुतलेलं कापड साध्या स्वच्छ पाण्यात भिजवून, पिळून, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. माहिती गोलाकार मार्गात लिहिलेली असते, त्या दिशेने एक ओरखडा पडला तर सलग मोठा भाग जातो. आडवा ओरखडा ड्राइव्ह बऱ्याचदा सावरून घेतो. टूथपेस्ट लावायचा उपाय सगळीकडे सांगतात, तो करू नका. वरच्या बाजूला नवरा-नवरीचा फोटो छापलेला असेल तर ती बाजू ओली करू नका, शाई निघते. कागदी स्टिकर चिकटवलेला असेल तर तो ओढून काढायच्या फंदात पडू नका. व्हीसीडीत माहितीचा थर वरच्या छापील बाजूच्या अगदी खाली असतो, स्टिकरसोबत तोच निघून येतो. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधे असतो म्हणून ती वरच्या ओरखड्याला थोडी टिकते, पण सांधा उकलण्याचा धोका तिलाही आहे.

डिस्क घातल्यावर फोल्डर उघडून बघा. व्हिडिओ-टीएस नावाचं फोल्डर दिसलं तर ती डीव्हीडी. एम्पेगएव्ही नावाचं फोल्डर आणि त्यात डॅट फाइल दिसली तर ती व्हीसीडी. आपल्याकडे सगळ्यालाच लोक सीडी म्हणतात आणि तुम्ही सगळ्याला डीव्हीडी म्हटलंय, पण तुमच्याकडची सगळ्यात जुनी लग्नं व्हीसीडीवर निघण्याची शक्यता मला जास्त वाटते. दोघींची कामाची पद्धत वेगळी आहे.

डीव्हीडी असेल तर लगेच कन्व्हर्ट करू नका. आधी तिची जशीच्या तशी प्रत घ्या, म्हणजे आयएसओ फाइल. विंडोजवर इम्गबर्न नावाचं जुनं, फुकट सॉफ्टवेअर हे काम नीट करतं. ते मूळ साइटवरूनच उतरवा आणि इन्स्टॉल करताना सोबत काही वेगळं घेऊ का असं विचारलं तर नाही म्हणा. वाचण्याचा वेग ४एक्स ठेवा. भरलेली ४.७ जीबीची डिस्क त्या वेगाने पंधरा मिनिटांच्या आसपास घेते. विंडोजमध्ये तीच डिस्क ४.३८ जीबी दिसते, ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे, काही हरवलं असं समजू नका.

एवढी जागा खाणारी आयएसओ कशाला, सरळ लहान एमपी४ का नको, हे मला प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. बिजाईचं धान वेगळं आणि खायचं वेगळं ठेवतो ना, तसंच हे. कन्व्हर्ट करताना प्रत्येक वेळी चित्रातला थोडा तपशील जातो आणि तो परत येत नाही. आज केलेलं सेटिंग उद्या चुकीचं वाटलं, किंवा पाच वर्षांनी आणखी चांगली पद्धत आली, तर आयएसओवरून पुन्हा करता येतं. तोवर मूळ डिस्क वाचण्यासारखी राहिलेली असेल याची खात्री नाही. घरच्या चाळीस डिस्क धरल्या तरी आयएसओ पावणेदोनशे जीबीच्या आसपास जातील. १ टीबीच्या हार्डडिस्कमध्ये त्या आरामात मावतात, म्हणून सुरुवातीला तो आकडा सांगितला.

आयएसओ झाली की ती व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि सुरुवात बघू नका, थेट शेवटची दहा मिनिटं लावा. डिस्क आतून बाहेर अशी लिहिली जाते, म्हणजे शेवटचा भाग बाहेरच्या कडेला असतो. बोटं तिथेच लागतात, आणि डिस्क उकलायला लागते तीही तिथूनच. नाटकाच्या बाबतीत हा शेवट म्हणजे शेवटचा अंक. नांदी आणि पहिला प्रवेश स्वच्छ दिसतो म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि खलनायकाचा शेवट होतो त्या ठिकाणी चित्र चौकटी-चौकटींत फुटून थांबलेलं असतं. रात्रभराचं नाटक तीन-चार डिस्कवर असेल तर प्रत्येक डिस्कचा शेवट असाच तपासा.

वाचताना ड्राइव्ह खरखरत अडकला, चूक दाखवायला लागला, तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका. डिस्क काढा, पुसा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. तरी नाही जमलं तर लिनक्सवर (विंडोजऐवजी चालवता येणाऱ्या फुकट सिस्टिमवर) चालणारं डीडीरेस्क्यू हे माझं रोजचं हत्यार आहे. लिनक्स लॅपटॉपवर बसवायची गरज नाही, पेनड्राइव्हवरून चालू करता येतं. डीडीरेस्क्यू आधी डिस्कचा चांगला भाग भराभर काढून घेतं आणि अवघड जागा मागे ठेवतं. कुठलं वाचलं आणि कुठलं राहिलं याची नोंद ते एका वेगळ्या फाइलीत ठेवतं. त्यामुळे लाईन गेली तरी जिथून सुटलं तिथून पुढे चालतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून फक्त राहिलेले तुकडे भरून काढता येतात. लग्नाच्या एकाच डीव्हीडीच्या दोन प्रती सापडल्या, एक तुमच्याकडची आणि एक मावशीकडची, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच फाइलवरून राइट झालेल्या असल्या, तर एकीतले न वाचता आलेले भाग दुसरीतून भरता येतात. म्हणून नातेवाइकांकडे विचारल्याशिवाय डिस्क गेली म्हणू नका. खराब डिस्कला एखाद वेळी पूर्ण रात्र लागते. लागू द्या.

एखादी डिस्क ड्राइव्हमध्ये कोरी म्हणून दिसते. ती कॅमेऱ्यावर किंवा घरच्या रेकॉर्डरवर थेट रेकॉर्ड केलेली असेल तर तिचं फायनलाइझ, म्हणजे दुसऱ्या यंत्रांना वाचता यावी म्हणून शेवटी डिस्क बंद करायचं काम, राहून गेलेलं असतं. विंडोज विचारेल की फॉर्मॅट करू का, तिथे नाही म्हणा. ज्या यंत्रावर रेकॉर्ड झाली ते चालू असेल तर त्यातूनच फायनलाइझ करून घ्या, नाहीतर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर अशा डिस्कमधला मजकूर बऱ्याचदा दाखवतं. हँडीकॅमची लहान, आठ सेंटिमीटरची डिस्क असेल तर ती तबक बाहेर येणाऱ्या ड्राइव्हमध्येच घाला, फटीतून ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती अडकते.

व्हीसीडीचं वेगळं. तिच्यावर व्हिडिओ ज्या पद्धतीने लिहिलेला असतो त्यात चूक दुरुस्त करायची जादा माहिती वगळलेली असते, जास्त मिनिटं मावावीत म्हणून. त्यामुळे थोडा ओरखडा असला तरी डॅट फाइल कॉपी-पेस्ट करताना विंडोज मधेच हात वर करतं, आणि तीच डिस्क प्लेअरवर मात्र थोडी अडखळत चाललेली असते. व्हीसीडीची आयएसओ करू नका, ती नीट होत नाही. इम्गबर्न तिची बिन आणि क्यू अशी जोडी काढून देतं, ती घ्या आणि दोन्ही फाइली सोबतच ठेवा. व्हीसीडीगिअर नावाचं लहान सॉफ्टवेअर त्या बिनमधून एमपीजी फाइल काढून देतं. ती एमपीजी तुमच्या टीव्हीवर चालली तर तशीच राहू द्या. व्हीसीडीचं चित्रच मुळात ३५२ बाय २८८ असतं, त्याला पुन्हा कन्व्हर्ट करून काही वाढत नाही, उलट थोडं जातं. टीव्हीने एमपीजी घेतलीच नाही तरच कन्व्हर्ट करा.

आता आईला बघायची प्रत. हे टीव्हीवर अवलंबून आहे, म्हणून सगळं एकदम करू नका, एकाच डिस्कवर करून टीव्हीला लावून बघा. एमपी४ फाइल, त्यात एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी आवाज, हे जवळपास सगळ्या स्मार्ट टीव्हींवर चालतं. एच.२६५ ने फाइल लहान होते, पण जुने आणि स्वस्त टीव्ही ती घेत नाहीत. डीव्हीडीवरचा डॉल्बी आवाज तसाच ठेवला तर काही टीव्हींवर चित्र दिसतं आणि आवाज येत नाही, म्हणून एएसी. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉर्मॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात जात नाही, पण दोन तासांची एमपी४ बहुधा एक ते दोन जीबीतच बसते, ही अडचण येऊ नये.

हँडब्रेकमध्ये आयएसओ फाइल थेट उघडता येते. एका डिस्कवर हळद, लग्न, रिसेप्शन असे वेगवेगळे टायटल असतात, ते एकेक निवडून रांगेत लावा. फास्ट ५७६पी२५ हे प्रीसेट (आधीच तयार असलेलं सेटिंग) घ्या, कारण आपल्याकडच्या डिस्क पाल पद्धतीच्या, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रांच्या असतात. क्वालिटीचा आकडा आरएफ १९ किंवा २० ठेवा. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. आकार वाढवून एचडी करू नका. ते काम टीव्ही स्वतःच करतो.

एक गोष्ट मात्र मन लावून करा, ती म्हणजे डीइंटरलेसिंग. त्या काळच्या कॅमेऱ्यात एक चित्र दोन अर्ध्यांत यायचं, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या डबा टीव्हीवर ते बरोबर दिसायचं. लॅपटॉपवर किंवा नव्या टीव्हीवर कुणी हात हलवला, वरातीत कुणी नाचलं, की त्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये डीइंटरलेस हा पर्याय आहे, त्यात बीडब्ल्यूडीआयएफ किंवा यॅडिफ घ्या आणि त्याखालचं बॉब निवडा. बॉब प्रत्येक अर्ध्या चित्राचं एक पूर्ण चित्र करतं, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं होतात आणि हालचाल तेव्हा टीव्हीवर दिसायची तशी गुळगुळीत राहते. पण वर सांगितलेलं प्रीसेट सेकंदाला २५ वर अडवतं, म्हणून व्हिडिओच्या पानावर जाऊन फ्रेमरेट ५० करायला विसरू नका, नाहीतर बॉबचा फायदा शून्य. दंडारीत हा फरक फार दिसतो. पायांची चाल आणि टिपऱ्यांचा वेग २५ मध्ये तुटक वाटतो, ५० मध्ये खरा वाटतो. सिनेमाच्या डिस्कला बहुधा याची गरज पडत नाही.

आवाजाचंही एक लक्षात घ्या. मंडईतल्या शुटिंगमध्ये पुष्कळदा माइकची वायर कॅमेऱ्याच्या एकाच बाजूला लावलेली असते. मग टीव्हीच्या एका स्पीकरमधून संवाद आणि दुसऱ्यातून नुसती खरखर. हँडब्रेकच्या आवाजाच्या पानावर फक्त डावा किंवा फक्त उजवा घेऊन मोनो करायचा पर्याय आहे. हेडफोन लावून कोणत्या कानात संवाद येतो ते बघा आणि तो निवडा. एवढ्यानेच आईला संवाद कळायला लागतील.

चित्रातले चौकोन-चौकोन जायला काय करायचं, असंही तुम्ही विचारलंय. खरं सांगायचं तर फार काही नाही. चार तासांचं नाटक एका डिस्कवर ठासलं की सेकंदाला अडीच मेगाबिटच वाट्याला येतात. तपशील तेव्हाच गेला, तो फाइलीत नाहीच. हल्ली एआयने चित्र सुधारून देणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि पुष्कळ गिऱ्हाइकं ती वापरा म्हणून आग्रह करतात. घरच्या माणसांच्या शुटिंगला मी ती लावत नाही आणि तुम्हीही लावू नका असं मनापासून सांगतो. ती सॉफ्टवेअर नसलेला तपशील अंदाजाने भरतात. रंगभूषा केलेला, पेट्रोमॅक्स नाहीतर हॅलोजनच्या उजेडातला वडिलांचा चेहरा गुळगुळीत आणि धारदार करून मिळेल, पण डोळे आणि ओठ त्यांचे राहणार नाहीत. धूसर असला तरी जो आहे तो चेहरा खरा आहे.

सिनेमांच्या डिस्कबद्दल. त्यांतल्या पुष्कळांवर सीएसएस नावाचं कुलूप असतं, म्हणून साधी कॉपी केली की फाइल चालत नाही. हँडब्रेक स्वतः ते कुलूप उघडत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी, वैयक्तिक वापरासाठी रास्त प्रमाणात मुभा देतं. २०१२ च्या दुरुस्तीने ६५-अ हे कलम आलं, आणि हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. हेतू हा शब्द त्या कलमात महत्त्वाचा आहे, तरी माझा स्टुडिओ धंद्याचा आहे, म्हणून गिऱ्हाइकांच्या सिनेमांच्या डिस्क मी घेतच नाही. घरी तुम्ही काय करता ते घरातच राहू द्या, त्या फाइली पेनड्राइव्हवरून गावभर वाटू नका. एकीतच पाच सिनेमे भरलेल्या बाजारातल्या डिस्कवर तर वेळच घालवू नका. नाटकाचं शुटिंगही यूट्यूबवर टाकण्याआधी थांबा. घरी बघणं वेगळं आणि जाहीर करणं वेगळं. ते नाटक कुणीतरी लिहिलेलं आहे, त्यात इतर कलावंत आहेत, आणि वडसा, नवरगाव, सिंदेवाही या पट्ट्यात ही माणसं शोधली तर सापडतात. त्यांना विचारून टाका. लग्नाच्या व्हिडिओवर आम्ही स्टुडिओवाल्यांनी सिनेमाची गाणी चढवलेली असतात, ती यूट्यूब ओळखतं. कधी आवाज बंद करतं, कधी व्हिडिओच अडवतं. म्हणून यूट्यूबला तिजोरी समजू नका.

फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत द्या, काही टीव्हींवर मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. आधी वर्ष, मग महिना, मग गाव, मग कार्यक्रम, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. त्याच नावाची एक साधी मजकुराची फाइल शेजारी ठेवा, ती मात्र मराठीत. आईजवळ बसा, व्हिडिओ चालू ठेवा, आणि कोण कोण दिसतंय ते लिहून घ्या. राजाचं काम कुणी केलं, पेटीवर कोण होतं, तबल्यावर कोण, पडद्यामागून शब्द कोण सांगतंय, वरातीत पुढे नाचणारा तो पोरगा कुणाचा. कितव्या मिनिटाला तेही टिपा. व्हिडिओ कितीही वर्षं टिकला तरी ही नावं त्याच्यात लिहिलेली नसतात. ती सांगणारी माणसं आहेत तोवरच हे करून घ्या. माझ्याकडे येणाऱ्या घरांत सगळ्यात जास्त हळहळ याच गोष्टीची असते.

ठेवण्याबद्दल सोपं सूत्र आहे: दोन हार्डडिस्क, दोन घरं. एक तुमच्याकडे, दुसरी बहिणीकडे दुसऱ्या गावी. आग, चोरी, पाणी, वीज, यातलं काहीही दोन्ही घरांत एका दिवशी होत नाही. दर दिवाळीला दोन्ही हार्डडिस्क लॅपटॉपला लावून चार फाइली उघडून बघा. टीव्हीला कायमचा लावून ठेवाल तो पेनड्राइव्ह. हार्डडिस्क टीव्हीला लावून ठेवू नका, लाईन जाऊन झटक्याने येते तेव्हा तीच मरते, आणि जुन्या टीव्हीच्या यूएसबीतून तिला पुरेसा करंटही मिळत नाही. पेनड्राइव्ह हरवला किंवा बिघडला तर दुसरा भरून घ्याल. इंटरनेटवर साठवायचं तर गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी मिळतात, म्हणजे जेमतेम तीन आयएसओ. गावातल्या मोबाइल नेटवर सेकंदाला दोन मेगाबिट अपलोड मिळाला तर एका आयएसओला पाच तास. तिथे सगळं चढवायच्या नादी लागू नका. वडिलांच्या नाटकांच्या लहान एमपी४ तेवढ्या चढवा.

मूळ डिस्क काम झाल्यावर टाकून देऊ नका. प्लास्टिकच्या पिशव्यांचे अल्बम उन्हाळ्यात डिस्कला चिकटतात, म्हणून कडक डब्यांत उभ्या ठेवा. लोखंडी कपाटात नको, घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या, अंधाऱ्या खोलीत ठेवा. मातीच्या भिंतीची खोली असेल तर ती उत्तम, पण ओल बघून.

आणि हे सगळं स्वतः करायला वेळ नसेल तर तालुक्याच्या दुकानात द्यायला काहीच हरकत नाही. फक्त काही गोष्टी आधी ठरवून घ्या. प्रत्येक डिस्कवर नंबर टाकून यादीची एक प्रत स्वतःकडे ठेवा, पण नंबर डिस्कच्या मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा, पृष्ठभागावर नको. नुसती एमपी४ नको, आयएसओही हवी, आणि व्हीसीडीची बिन-क्यू जोडी हवी, असं स्पष्ट सांगा. त्यासाठी स्वतःची रिकामी हार्डडिस्क न्या. डीइंटरलेस करता का हे विचारा. तो शब्द त्यांना माहीत नसेल तर दुसरं दुकान बघा. सगळ्या डिस्क एकदम देऊ नका, पहिल्यांदा लग्नाच्या दोन द्या. काम घेताना त्यांच्याच कॉम्प्युटरवर प्रत्येक फाइलीची शेवटची दहा मिनिटं लावून बघा, आणि मगच पैसे द्या.